आक्षेप घेणारा मी

"खुर्चीवर नगं. खाली बस आणि सह्या कर," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले.

दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी खाली बसलो. त्यांच्याच शाळेतला शिपाई, अठ्ठेचाळीस वर्षांचा, फरशीवर मांडी घालून. पुढ्यात अर्जांचा गठ्ठा. मतदार यादीतून नावं काढायचे अर्ज. नावं सगळी आमच्या वस्तीतली. कारण सगळीकडं एकच: कायमचे स्थलांतरित.

"साहेब, ही माणसं कामापुरती कोल्हापुरात असत्यात. घरं हितंच हायती."

"तुला इचारलं काय? आक्षेप तुमच्यातल्याच माणसाचा पायजे. आमी घेतला तर बोंब हुईल. तू घेतलास तर कोण बोलतंय?"

शेजारचा क्लार्क म्हणाला, "शिपायाला सहीचा अधिकार मिळाला की वो!"

सगळे हसले. मीपण हसलो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गठ्ठ्यात आक्काचं नाव होतं. माझी थोरली बहीण. कोल्हापुरात मंगळवार पेठेत धुणीभांडी करते, शनिवारी गावी येते. अर्जाच्या तळाला छापलं होतं, खोटी माहिती दिल्यास शिक्षा. वाचलं. नोकरी आठवली. सही केली.

आक्काला नोटीस आली. तिला वाचता येत नाही. तिनं ती माझ्याकडंच आणली. आक्षेप घेणाऱ्याचं नाव त्यात होतं. तेवढी ओळ गाळून मी बाकीचं वाचलं.

"इंग्रजाच्या काळात आज्याला मत न्हवतं, जमीन न्हाय म्हणून," ती म्हणाली. "बानं पयलं मत टाकलं तवा बोटाची शाई गावभर दावत फिरलाता. आन् आता माझं नाव कुणाला खुपतंय रं?"

"काय म्हाईत," मी म्हणालो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी क्लार्कचा फोन आला. "उद्या निस्तं व्हय म्हणायचं. जास्ती बोललास तर तू आत जाशील. आमची सही कुठंच न्हाय."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. वस्तीची नावं जाणार, आणि पाप माझ्या एकट्याच्या नावावर राहणार.

मलकापूरला तहसील कचेरीतल्या सुनावणीत वस्तीतली माणसं रोजगार बुडवून भिंतीला टेकून उभी होती. अध्यक्ष पहिल्या रांगेत. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आक्काचं नाव पुकारलं, मग आक्षेप घेणाऱ्याचं. मी पुढं झालो.

आक्का वळली. "तू व्हय रं?"

एवढंच. डोळे माझ्यावरून काढले नाहीत.

"हा आक्षेप तुमचा?" साहेबांनी विचारलं.

मी आधी आक्काकडं बघितलं, मग पहिल्या रांगेकडं.

"सही माझी हाय. मजकूर खोटा हाय. सगळ्या गठ्ठ्याचा."

"काय बोलताय कळतंय का? तुमच्यावर गुन्हा दाखल होईल."

"व्हय. लिहून घ्या."

निकाल अजून लागलेला नाही. शाळेनं मला घरी बसवलंय. आक्का माझ्याशी बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं मी म्हणणार नाही. दारात मोटरसायकल थांबली की अजून मी आधी फटीतून बघतो.

पण पुढच्या तारखेला मी जाणार. त्याच्या पुढच्याही. वस्तीतलं शेवटचं नाव यादीत परत चढेपर्यंत जाणार. प्रत्येक वेळी आधी माझा गुन्हा सांगणार. मग अध्यक्षांचं नाव घेणार, मोठ्यानं, ते समोर बसलेले असताना.