त्या वर्षीचे केस

समोरच्याच्या कोपराला दोन बोटं लावून तो त्याला दाराबाहेर न्यायचा. "उनात चल," एवढंच म्हणायचा. मग हातातलं कापड असो, बाजारातलं वांगं असो की कुणाचं डोकं असो, ते उन्हात धरून, डोळे बारीक करून बघायचा आणि त्यानंतरच तोंड उघडायचा. "ट्यूबखाली सगलंच बरं दिसतं," हे त्याचं दुसरं वाक्य.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघं प्रयोगशाळेत होतो. कापडाला लावायचे रंग तिथे बनायचे आणि प्रत्येक लॉटची छटा नमुन्याशी जुळते की नाही, हे तो बघायचा. त्यासाठी यंत्र होतं, यंत्राचा निकालही यायचा, पण पास म्हणण्याआधी हा गडी कापडाच्या दोन पट्ट्या घेऊन व्हरांड्यात जाणारच. पावसाळ्यात आभाळ भरलं की लॉट अडकून पडायचे आणि वरचे लोक कपाळाला हात लावून बसायचे. प्लांटमधले बिहारी कामगार त्याला 'धूपवाले साहब', म्हणजे उन्हाचा साहेब, म्हणत. मी साताऱ्याकडचा, तो इथलाच, जवळच्या दांडी गावचा, मच्छीमार घरातला. दोघं एकाच आठवड्यात कामाला लागलो होतो, म्हणून पहिल्यापासून अरे-तुरे.

चाळिशी ओलांडल्यावर त्याचे केस भराभर गेले. कपाळापासून सुरुवात झाली, टाळू मोकळी झाली आणि कानांवर, मानेवर तेवढी झालर उरली. माझंही तेच झालं होतं, पण आमच्या घराण्यात ते शेतीवाडीसारखं वारशानंच येतं, त्यामुळे मी कुरकुर केली नाही. त्यानं मात्र केस लावून घ्यायचं मनावर घेतलं आणि तेव्हापासून त्याच्याबरोबर बाजारात जायची चोरी झाली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण यांच्याशी बोलत असतो आणि यांची नजर आपल्या कपाळावर. बोईसरमधल्या एका मोबाईलच्या दुकानदारानं केस लावून घेतल्याचं याच्या कानावर आलं. दोघांची ओळख ना पाळख. तरी यानं त्याला गोड बोलून दुकानाबाहेर काढलं, भर दुपारी फुटपाथवर उभं केलं आणि बाटलीतल्या पाण्यानं केस ओले करून दाखवता का, म्हणून विचारलं. दुकानदार सज्जन, त्यानं केलेही. ओल्या केसांतून टाळू किती दिसते, ते यानं पाहिलं. मग मागे जाऊन, जिथून केस काढले होते तो भाग बघितला. परत येताना मला म्हणाला, "पुढची रेघ पट्टीनं मारलीय. देव पट्टी वापरत नाय."

मग डॉक्टरांची शोधाशोध सुरू झाली. रविवारी मी सोबत जायचो. पालघर झालं, वसई झालं, वापीही झालं. सगळीकडे गार हवा, मऊ सोफे आणि आधी-नंतरच्या फोटोंचा जाड अल्बम. हा अल्बम खिडकीशी नेऊन बघे आणि मला दाखवे, की आधीच्या फोटोत माणसाची मान खाली घातलीय आणि डोक्यावर दिवा आहे. नंतरच्या फोटोत मान वर, केस ओढून पुढे घेतलेले आणि दिवा कुठेच नाही. फोटो त्याला नकोच असायचे. वर्ष उलटून गेलेली जिवंत माणसं दाखवा, म्हणायचा. केस काढायचं आणि रोवायचं काम डॉक्टर स्वतः करणार की सही करून दुसरीकडे जाणार, तेही विचारायचा. एका ठिकाणी टाय लावलेल्या पोरानं त्याला ऐन विशीतल्या केसांची हमी दिली, तसा हा उठला आणि चहाही न घेता बाहेर पडला.

शेवटी ठाण्याकडे एक डॉक्टरीणबाई सापडल्या. त्यांनी त्याची मान खाली करून बराच वेळ मागचे केस तपासले आणि काय होणार नाही ते आधी सांगितलं. मागे केस आहेत तेवढेच आहेत, त्यांत पुढचा भाग भरेल, टाळू विरळच राहील. आज लावलेले केस आधी गळतील, तेव्हा घाबरून फोन करू नका. वर्षभर आरशाशी भांडू नका. त्यांच्या दवाखान्यात आलेला एक जुना पेशंट स्वतःहून गच्चीवर, उन्हात येऊन उभा राहिला. याला हव्या त्या सगळ्या गोष्टी तिथे होत्या. जिन्यावरून उतरताना मी चेष्टेनं म्हटलं, एवढी पारख लोक मुलगी बघतानाही करत नाहीत, तुला पुन्हा बोहल्यावर चढायचंय की काय? तो हसला नाही. पुढच्या रविवारी दांडीला घरी ये, म्हणाला.

दांडीला त्याची आई होती. धाकटी बहीण तिच्या संसारासह तिथेच राहून आईला सांभाळायची. त्याचा बोईसरचा फ्लॅट आईला मानवला नव्हता आणि गेली काही वर्षं तिचं डोकं चालेनासं झालं होतं. लेकीलाही ती कधी ओळखायची, कधी शेजारीण समजून बसायला सांगायची.

आम्ही ओटीवर पाय ठेवला. म्हातारी बोंबलांच्या पाटीपाशी बसली होती. याला पाहताच तिनं डोक्यावर पदर ओढला, चटकन उठून पाण्याचा तांब्या आणला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आज लवकर आलात."

मला वाटलं, ती माझ्याशी बोलतेय. पण ती त्याच्याशीच बोलत होती. जेवताना माशाचा मधला, जाड तुकडा त्याच्या ताटात पडला. मग ती हळूच त्याच्या जवळ सरकली.

"पोराला होडीवर नेव नका," ती म्हणाली. "त्याची परीक्षा हाय. तुमी त्याला रागवता, तो मग माज्याशीपन बोलत नाय."

"नाय नेत," तो म्हणाला.

त्याची बहीण आत निघून गेली. नंतर पाण्याच्या कडेला उभं राहून त्यानं मला सगळं सांगितलं. तो कॉलेजात असताना बाप होडीवरून गेला. होडी परत आली, इतर माणसं आली, बाप आला नाही आणि त्याचं प्रेतही हाती लागलं नाही. आईनं बांगड्या फोडू दिल्या नाहीत. भावकीतली माणसं याचं डोकं भादरायला न्हाव्याला घेऊन आली, तर तिनं त्याला दारातूनच परतवलं. मुलानं डोकं भादरलं म्हणजे बाप मेला, एवढं तिला कळत होतं आणि ते तिला होऊ द्यायचं नव्हतं. बापाला टक्कल होतं, अगदी असंच, कानांवर झालर असलेलं. आता याचं वय बापाएवढं झालं होतं. केस गेले आणि आईला तिचा माणूस परत मिळाला.

"ती माज्याजवळ माजीच काळजी करते," तो म्हणाला. "मला नुसतं एकदा तिनं पोरा म्हनायला पायजे. मग तिचं काय व्हायचं ते होवो."

मी त्यानंतर त्याच्या डोक्यावरून कधी विनोद केला नाही.

केस लावायच्या दिवशी ठाण्याच्या बाईंनी त्याला विचारलं, पुढची रेघ कुठे घ्यायची? तुमच्या वयाला थोडी मागेच बरी दिसेल. यानं खिशातून कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढून टेबलावर ठेवला. ह्याच्यासारखी पायजे. बाईंनी परोपरीनं समजावलं, की म्हातारपणी हे कपाळ चमत्कारिक दिसेल, आणि मागचे केस पुढेच संपतील. हा हटून बसला. आईला ज्या चेहऱ्याची ओळख आहे, तोच चेहरा तिला दाखवायला हवा, एवढंच त्याचं म्हणणं. कारण ऐकल्यावर बाईंनी फोटो समोर ठेवून पेनानं त्याच्या कपाळावर रेघ काढली. किंचित वाकडीतिकडी, डावीकडे थोडी आत गेलेली, फोटोत होती तशीच.

ते वर्ष त्यानं टोपीत काढलं. केस गळाले, मग तांबूस लव आली, मग हळूहळू खरे केस आले. सुरुवातीच्या महिन्यांत दांडीला गेला की म्हातारी हळूच टोपी काढून घ्यायची, घरात टोपी कशाला म्हणायची आणि हा तेवढ्यापुरता बाप होऊन बसायचा. केस चांगले बोटभर झाले तेव्हा एका दुपारी यानं माझ्या कोपराला बोटं लावली. या वेळी डोकं त्याचं होतं आणि पारख मला करायची होती. व्हरांड्यात त्यानं स्वतःच तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. मी पुढून बघितलं, मागून बघितलं. खोट काढायला जागा नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी हा कसा दिसत असेल ते मला पहिल्यांदाच दिसलं. मी पास म्हटलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.

त्या रविवारी आम्ही पुन्हा दांडीला गेलो. म्हातारी ओटीवर होती. तिनं मान वर केली, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"पोरा," ती म्हणाली.

तो तिच्या पायांशी बसला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. त्याचे डोळे वाहत होते आणि मी दुसरीकडे बघत होतो. मग तिचा हात थांबला. तिनं त्याच्या मागे रस्त्याकडे पाहिलं, मग समुद्राच्या दिशेनं.

"तुजा बापूस कुटं हाय? सगल्या होड्या आल्या ना?"

तिनं पुन्हा विचारलं. मुलगा म्हणून समोर बसलेला असताना आईशी खोटं बोलणं त्याला जमलं नसावं. बाबा गेले, असं त्यानं सांगून टाकलं. त्यावर त्या बाईनं जो टाहो फोडला तो शेजारपाजारची माणसं गोळा होईपर्यंत थांबला नाही. तिच्यासाठी ते त्याच दिवशी, त्याच क्षणी घडलं होतं. संध्याकाळी ती दमून झोपली आणि उठल्यावर तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिनं त्याला पाहिलं, पोरा म्हटलं आणि बाप कुठे आहे, असं विचारलं.

पुढचे दोन-तीन महिने हेच चाललं. खरं सांगितलं की ती नव्यानं विधवा व्हायची, खोटं सांगितलं की दिवेलागणीपर्यंत किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि बहिणीला तिला ओढून आणावं लागायचं. माझ्यापाशी तो एकच गोष्ट उगाळत राहायचा. ते ओळखपत्र बाप गेला त्याच वर्षीचं होतं. घरात दहावीचा फोटो होता, बाप असतानाचा. तो दाखवून केस केले असते तर आईला बाप रोज घरी परत यायचा ते वर्ष दिसलं असतं, असं त्याला वाटायचं. मी म्हणायचो, अरे, डोक्याच्या आजाराला असा हिशोब नसतो. पण माझाही त्या म्हणण्यावर फारसा विश्वास नव्हता.

एका सोमवारी तो कामावर आला आणि प्रयोगशाळेत सगळ्यांचे हात थांबले. त्यानं पुढचे, लावून घेतलेले केस वस्तऱ्यानं साफ केले होते आणि कानांवरची झालर तेवढी ठेवली होती. एवढ्या खटपटीनं आणलेले केस. ते पुन्हा उगवायचे, काळ्या खुंटांची सावली धरायची आणि दांडीला जाण्याआधी हा पुन्हा वस्तरा फिरवायचा. एरवी कुणी टक्कल लपवतं, हा केस लपवत होता. घरी बायको रडली. दांडीत त्याहून वाईट झालं. आई जिती हाय नि हा टालू भादरतो, असं लोक तोंडावर बोलले. आईचं मरण ओढवून घेतोय म्हणाले. एक चुलता तर त्याच्या ओटीवर पाय ठेवीनासा झाला. त्याची आई मात्र पुन्हा पदर ओढून तांब्या आणू लागली होती आणि किनाऱ्यावर जायची थांबली होती.

मी एकदा विचारलं, तुला काय मिळालं यातून? तो म्हणाला, ती रडत नाय. मग म्हणाला, घरी आरशात दाढी करताना मला आता बापूसच दिसतो, आणि तो माझ्याकडे नीट बघत नाही. हे सांगताना तो विनोद करत नव्हता. मला त्या वेळी त्याची भीती वाटली.

म्हातारी थंडीच्या दिवसांत गेली. दहाव्याला न्हावी आला, तर याच्या डोक्यावर त्याला करायला थोडंच उरलं होतं. त्यानंतर महिनाभरानं यानं नोकरी सोडली. गुजरातेत कुठेतरी लागला म्हणतात. त्याचा फोन लागत नाही आणि आमच्या कारखान्यात आता यंत्राच्या निकालावर लॉट पास होतात. कपाटातलं सामान न्यायला तो शेवटचा आला, त्या दिवशी त्यानं मला आईचं शेवटचं सांगितलं. सांगताना तो कपाटाकडे तोंड करून उभा होता.

शेवटच्या सकाळी ती शुद्धीवर होती. हा उशाशी बसलेला, डोकं ताजं भादरलेलं. तिनं त्याचा हात धरला आणि नवऱ्याकडे स्वतःसाठी कधी काही न मागणाऱ्या बाईनं पहिल्यांदा मागितलं, "माज्या पोराला बलवा. एकदा बघू द्या."

तो म्हणाला, मी इथंच हाय असं सांगायला तोंड उघडलं, पण तिला कोण दिसत होतं ते मला ठाऊक होतं.

"मग काय सांगितलंस?"

"येतोय म्हटलं. वाटेवर हाय."

तिनं त्याचा हात सोडला, कूस बदलली आणि दाराकडे तोंड करून डोळे उघडे ठेवले. तो तिच्या पाठीशी बसून राहिला.