हुकाचं तोंड

मी ज्याचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, तो माझा मामा. भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात तो लूम दुरुस्त करायचा. तिथे सगळे त्याला मिस्त्री म्हणत. दहावीनंतर मी वज्रेश्वरीकडच्या आमच्या गावातून भिवंडीजवळच्या शेलारला त्याच्या घरी राहायला आलो, तो इंजिनियर होऊनच निघालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

कॉलेजातून येताना मी कारखान्यात डोकवायचो. सगळे लूम एकदम चालले की पायाखालची जमीन थरथरायची. वर साखळ्यांना ट्यूबलाइट टांगलेल्या असत आणि प्रत्येक साखळी इंग्रजी एस अक्षरासारख्या हुकात अडकवलेली असे. हादऱ्याने साखळी उसळून त्यातून निसटायची. म्हणून मामा स्टुलावर चढून पकडीने हुकाची उघडी बाजू दाबून बंद करायचा. मी स्टूल धरून बडबडत असायचो.

"तोंड मिटलं का?" मामा वरून ओरडायचा.

"मिटलं."

"तुजं न्हाय रं, हुकाचं! त्या टोकाचं बघ."

शेजारचा विणकर हसायचा, "मिस्त्री, भांजे का मुँह आपसे बंद नहीं होगा."

पुढे मला अणुवीज प्रकल्पांच्या कामात नोकरी लागली. गुजरातच्या भूकंपाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. जमीन हलली तर इमारतीचा कुठला मजला किती हलेल, हे आम्ही आधी काढायचो. मग तिथले पाइप, टाक्या, पॅनेल तेवढं सोसतील का, ते तपासायचो. सुट्टीत मी हे मामाला समजावून सांगितलं. लूमच्या आवाजाने त्याचे कान गेले होते, त्यामुळे अख्ख्या आळीला ते समजलं.

"भूकंप कवा येनार, तुला ठावं हाय?"

"नाही मामा."

"मंग हिशोब कसला करतंस?"

"आला तर अणुभट्टी नीट बंद होऊन थंड राहिली पाहिजे, त्याचा."

"आमच्याकडं रोज येतो," मामा म्हणाला, "आनि जेवायच्या सुट्टीला आपला आपन थांबतो."

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या प्रमुख मॅडमबरोबर आम्ही बांधून होत आलेल्या एका प्रकल्पात पाहणीला गेलो. अणुभट्टी थंड ठेवणारे पंप ज्या पॅनेलवरून चालणार होते, त्याचं गणित मी केलं होतं. पॅनेल जमिनीला भक्कम बोल्टांनी आवळलेलं होतं. सगळे खाली बोल्ट बघत होते. मी सवयीने वर बघितलं. पॅनेलच्या बरोबर वर साखळ्यांना ट्यूबलाइट टांगलेली होती.

"मॅडम, हुकाचं तोंड उघडं आहे," मी बोलून गेलो.

"हा ट्यूबलाइट मोजायला आलाय," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मॅडम मात्र शिडीवर चढल्या आणि त्यांनी साखळीला हाताने हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला साखळी निसटली. ट्यूबलाइट एका बाजूने पॅनेलवर लोंबकळू लागली. हसणं थांबलं. इमारतीतले सगळे हुक बंद करायचे, अशी नोंद झाली.

"हे कुठे शिकलास?" मॅडमनी विचारलं.

मोठमोठ्या संस्थांमधून आलेली माणसं माझ्याकडे बघत होती. "कॉलेजात," मी म्हणालो.

परतताना जीपमध्ये माझं मलाच खटकलं. ज्याने मला कॉलेजात धाडलं, त्याचंच शहाणपण मी कॉलेजच्या नावावर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर मॅडमना खरं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "त्यांना माझा नमस्कार कळव. आणि विचार, आणखी कशाकशाची तोंडं मिटायची राहिलीत."

फोनवर मामाला ऐकू येत नसे. म्हणून त्याच दिवशी पत्र टाकलं:

ती. मामा,

पत्रात मोठ्यांना तुम्ही म्हणावं असं शाळेत शिकवलं होतं, पण तुला तुम्ही म्हटलं की परक्याला लिहितोय असं वाटतं.

तुझी हुकाची युक्ती इथे कामाला आली. आमच्या मॅडमनी तुला नमस्कार सांगितलाय. पण आधी मी खोटं बोललो. कुठे शिकलास विचारलं, तर कॉलेजात म्हणालो. तुझं नाव घ्यायला लाजलो. आता सगळ्यांना खरं सांगितलंय, तरी तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं. रागावलास तर रागाव.

हादऱ्याने कारखान्यात काय काय सुटतं, पडतं, ते आठवून मामीकडून लिहून घे. आम्हाला त्याची गरज आहे.

दिवाळीत येतो. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर तुझे गुडघे शेकू. तोवर स्टुलावर एकटा चढू नकोस. धरायला कोणीतरी घे, बडबड्या असला तरी चालेल.

तुझा भाचा