खंडेनवमीला वळलेला पंख

दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर मी एक खेळ करतो. कँटीनमधून वाफाळता चहा मागवतो, खिशातून तारेचा चुरगळलेला गोळा काढतो, जादूगाराच्या थाटात सगळ्यांना दाखवतो आणि कपात सोडतो. गोळा वळवळतो, अंग झाडतो. चमच्याने बाहेर काढला की त्याचं झोकदार ‘ळ’ झालेलं असतं. ‘ळ’च का, असं कुणी विचारलं तर सांगतो, ‘‘इंग्रजांना जमलं नाही ते तारेला जमतं.’’ वर्ग हसतो. मी मात्र अजूनही प्रत्येक वेळी श्वास रोखून कपात पाहतो. खरंच वाटत नाही.

तार निकेल आणि टायटॅनियमची. भट्टीत तापवून तिला एकदा आकार शिकवला की मग कितीही वाकवा, ऊब लागताच ती त्या आकारावर येते. ही तार विमानाच्या पंखात बसवायची, हे आमचं संशोधन. विमानाच्या पंखाला मागच्या कडेला बिजागऱ्यांवर हलणाऱ्या झडपा असतात. घारीच्या पंखाला कुठं बिजागरी असते? तिचा पंख सबंध वळतो. तसा, वीज दिली की तारा तापून मागची कडच वाकेल असा पंख आम्हाला करायचा होता. तोही सांगलीत, जिथं विमान पाहायचं तर मान वर करून ढगात शोधावं लागतं!

पंख बनवत होती माझी पीएचडीची विद्यार्थिनी. वडूजकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पंख दोन हात लांब. त्याच्या पोटाशी शेजारीशेजारी तारांची रांग, तारांवर रबराची पातळ कातडी. वीज दिली की सगळ्या तारा एकदम आखडायच्या, कातडीला मधोमध फुगा यायचा आणि ती फाटायची. तिने रबर बदललं, चिकटवायचा डिंक बदलला. आता ही मार्गदर्शकही बदलते की काय, अशी मला भीती वाटू लागली.

दसरा झाल्यावर विद्यापीठाची समिती येणार होती. त्यांच्यासमोर पंख वळला नाही तर तिची शिष्यवृत्ती थांबणार, म्हणजे काम थांबणार, म्हणजे ती वडूजला परत. तिचा डबा संध्याकाळी भरलेलाच खोलीवर परत जात होता.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये लेथपासून हातोडीपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार चढतात. पंखालाही पूजा हवी, असा मी हट्ट धरला.

‘‘सर, हाराच्या वजनानं कड वाकेल,’’ ती म्हणाली.

‘‘निदान हारानं तरी वाकू दे!’’

ती हसली नाही. शेवटी एका फुलावर तडजोड झाली. नेमकी त्याच दिवशी तिची आई भाकरी आणि ठेचा घेऊन लेकीला भेटायला आली होती. तिने पंखाभोवती एक फेरी मारली.

‘‘ह्येच का गं इमान?’’

‘‘पंख हाय आये. नुसता पंख.’’

‘‘आन बाकीचं?’’

‘‘बाकीचं दुसरी लोकं करत्यात.’’

‘‘एवडी वर्सं एकाच पंखावर? कोंबडीला बी दोन असत्यात गं!’’

मी हसू लपवायला खिडकीकडे वळलो. वळताना म्हणालो, ‘‘ताई, आता तुम्हीच ओवाळा याला.’’

आईने पदर डोक्यावर घेतला आणि निरांजनाचं ताट उचललं. पंख उंच लाकडी घोडीवर बसवलेला, बाई ठेंगणी. त्यामुळे ताट पंखाच्या खालूनच जाऊ लागलं. आदल्या दिवशीच कातडी फाटली होती, तारा उघड्या होत्या. ‘‘आये, लांबनं!’’ लेक ओरडली, तोवर ज्योत पंखाच्या मुळाशी पोचली होती.

पंखाची कड तिथं खाली झुकली. आई आपली मनोभावे ओवाळत टोकाकडे सरकत होती. ज्योत पुढे गेली की कड पुढे झुकायची. मुळाकडून निघालेलं ते वळण लाटेसारखं टोकापर्यंत गेलं. धक्का नाही, आवाज नाही. धातू एका बाईच्या हाताबरोबर चालत होता!

आई दोन पावलं मागं सरली. ‘‘आवं सर, ह्यो जित्ता हाय!’’

‘‘आये, परत. तसंच. हळू, हिकडनं तिकडं.’’

‘‘आरती म्हणू का?’’ मी विचारलं.

‘‘सर, गप बसा हो!’’

ती पंखाला डोळे लावून बघत होती. मग पुटपुटली, ‘‘आपण सगळ्या तारांना एकदमच तापवतोय.’’ आणि माझ्याही डोक्यात उजेड पडला. पुस्तकाला कव्हर घालताना आपण कागद एका टोकाकडून दाबत नेतो, म्हणून फुगा राहत नाही. तारांनाही पाळीपाळीनं वीज द्यायला हवी होती. म्हणजे रबराला टोकाकडे सरकायला सवड मिळाली असती.

दसऱ्याला तिने सुट्टी घेतलीच नाही. प्रत्येक तारेची जोडणी वेगळी केली, नवी कातडी चढवली.

समिती आली. अध्यक्ष करड्या चेहऱ्याचे, आयुष्य विमानांत घालवलेले. तिने बटण दाबलं. पंख मुळापासून टोकापर्यंत वळत गेला. कातडीवर एक सुरकुती नाही. तारा थंड झाल्या तसा आतल्या पोलादी पट्टीने तो पुन्हा सरळ केला.

‘‘परत करा,’’ अध्यक्ष म्हणाले.

तिने केलं. ते खुर्चीतून उठले, जवळ आले आणि आपला तळहात पंखाच्या कडेखाली धरला.

‘‘आता.’’

कड खाली आली आणि त्यांच्या हातावर अलगद टेकली. त्यांनी हात बराच वेळ काढला नाही. तिच्याकडे किंवा माझ्याकडे न बघता, त्या पंखाला सांगावं तसं ते हळूच म्हणाले, ‘‘चालू ठेवा.’’