मल्लिनाथचं तीन अंकी रहस्य

ऑफिसातले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात कापडी पिशव्या साठतात तसे ते साठतात. एक हुडकायला जावं तर तिच्या पोटातनं आणखी चार निघतात. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या खात्यात होतो. तिथली ही एक पिशवी. बघा, काय काय निघतंय.

*

आमच्यात मल्लिनाथ म्हणून एक क्लार्क होता. घरात कानडी, बाहेर मराठी आणि डोक्यात चोवीस तास नाटक. एकदा तो लग्नाला मुंबईला गेला आणि तिथं नातेवाइकांच्या टीव्हीवर एक हेरकथा बघून आला. गोष्ट जुनी, विलायती, घोडागाडीच्या जमान्यातली. पण दाखवली होती आजच्या मुंबईत. गुप्तहेर टॅक्सीनं फिरतो, फोनवर बोलतो, उडप्याकडं कॉफी पितो. आम्हा सोलापूरकरांना टीव्ही कुठला? मल्लिनाथ हाच आमचा टीव्ही!

जेवणाच्या सुट्टीत त्यानं ती गोष्ट साभिनय सांगायला घेतली. खुनी कोण हे सांगणार, एवढ्यात भोंगा झाला आणि सगळे आपापल्या टेबलावर. पाचच मिनिटांत मॅनेजरसाहेबांनी मल्लिनाथला केबिनमध्ये बोलावलं. आता मेमो मिळणार म्हणून आम्ही फायलीत डोकी घातली.

साहेबांनी दार लावून घेतलं, खुर्ची पुढं ओढली आणि हळूच विचारलं, "खुनी कोण?"

*

झालं! त्या वर्षीच्या नाट्यस्पर्धेत असंच काहीतरी करायचं ठरलं, लिहायचं मल्लिनाथनं. विलायती गोष्ट घ्यायची आणि उचलून थेट सोलापुरात आणायची. लॉर्डसाहेबाच्या जागी कापडाचे व्यापारी, घोडागाडीच्या जागी स्कूटर. खरं सांगू का, गंमत त्यातच होती. लंडनात खून झाला तर आपल्याला काय त्याचं? तोच आपल्या चाटी गल्लीत झाला की माणूस घरी जाऊन आधी कडी लावतो.

अडलं ते धुक्यापाशी. धुक्याशिवाय हेरकथा कशी करायची? आणि सोलापुरात धुकं आणायचं कुठनं? मल्लिनाथ दोन दिवस खंतावला. शेवटी स्टोअरमधला शिंदे म्हणाला, "धूळ हाय की! लागंल तेवढी घ्या." हा शिंदे कुर्डुवाडीचा, नाटकात हवालदार होता. धुक्याची धूळ झाली आणि सीन लई झकास बसला.

*

गुप्तहेर झाला आमचा कॅशियर गोडबोले. मूळचा रत्नागिरीचा, नाक आधीच लांब. भूमिका त्याच्या अंगात इतकी भिनली की तो घरीसुद्धा तर्क लढवायला लागला. एकदा बायकोला म्हणाला, "आज शेजारीण गप्पांना आली होती, म्हणून तू आमटीत मीठ विसरलीस."

ती म्हणाली, "मीठ संपलंय. काल आणायला तुम्हालाच सांगितलं होतं."

*

तरी तो सुधारला नाही. एक दिवस टाइम ऑफिसच्या दारात पटका बांधलेले एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. गोडबोलेनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बोटांवर मोजत सांगितलं की आपण माळशिरसकडचे, उसाचे बागायतदार आणि इथं पुतण्याला नोकरी बघायला आलात.

गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मी वळसंगचा सिद्रामप्पा. माझ्या पोरीसाठी तो मल्लिनाथ बघितलाय. त्यो नाटक्या हाय म्हणतेत, खरं का?"

आमचे चेहरेच पडले. मल्लिनाथ आणि महानंदा, दोघांची पसंती झाली होती, बोलणी जवळजवळ पक्की होती. पोरगा त्या पोरीवर अक्षरशः जीव टाकत होता. आणि अप्पांच्या हिशेबी नाटक्या म्हणजे वाया गेलेला माणूस! आम्ही हातापाया पडलो, एकदा खेळ बघा म्हणालो. अप्पा कबूल झाले, पण जाताना बजावून गेले, "मधनंच उठलो तर सोयरीक मोडली समजा."

*

आता त्या खेळाचंच सांगतो. नाटकात व्यापाऱ्याच्या घरातले दागिने चोरीला जातात आणि व्यापाऱ्यावर विषप्रयोग होतो. तो शेवटच्या घटका मोजत असताना गुप्तहेर विचारतो, "चोर तुमच्या ओळखीचा आहे का?" व्यापारी एकच शब्द बोलतो, "हौद," आणि मान टाकतो. झालं, दागिने हौदात आहेत असं समजून दोन अंक हौद उपसायचा. तिसऱ्या अंकात गुप्तहेराला उलगडा होतो की व्यापाऱ्याची घरची भाषा कानडी, आणि कानडीत हौद म्हणजे 'हो'!

तालमीत हे आम्हाला कुणालाच ओळखता आलं नव्हतं. गोडबोले रत्नागिरीचा, शिंदे कुर्डुवाडीचा, मी माळशिरसचा. त्यामुळं मल्लिनाथला वाटलं, रहस्य भलतंच अवघड जमलंय.

खेळाच्या दिवशी थिएटर गच्च भरलं. अप्पा पहिल्या रांगेत, मागं निम्मं वळसंग. व्यापारी "हौद" म्हणून मेला. गोडबोले गरजला, "हवालदार, हौद उपसा!" शिंदे बादली घेऊन धावला.

आणि अप्पा उठून उभे राहिले.

विंगेत मल्लिनाथनं माझा दंड धरला. "गेलं रे सगळं," एवढंच बोलला.

अप्पा स्टेजकडं बघून ओरडले, "ओ सायेब, पाणी कशाला उपसताव? त्यो 'हो' म्हणतोय की!"

पुढचे दोन अंक म्हणजे नुसता हलकल्लोळ. निम्म्या थिएटरची घरची भाषा कानडी, त्यामुळं रहस्य पहिल्या अंकातच फुटलेलं, तरी माणूस हलायला तयार नाही. शिंदे बादली घेऊन दिसला की थिएटर लोळायचं. पुण्याहून आलेले परीक्षक तेवढे गंभीर चेहऱ्यानं बसून होते.

पडदा पडला आणि अप्पा आत आले. मल्लिनाथ वाकून पाया पडला तो उठेचना. शेवटी मीच धीर केला. म्हटलं, "अप्पा, तुम्ही मधनंच उठला होता. पोरगी देणार का आमच्या मल्लिनाथला?"

अप्पांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. हसून पुसले की कशानं, देव जाणे. मल्लिनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हौद."

शिंदेनं बादली उचलली आणि पळत सुटला!