उतारावरचा व्हर्न

माझ्या बहिणीचा नवरा व्हर्न पर्सेल सपाट जागी गाडी उभी करत नसे. आठ वर्षांत आपणहून एकदाही केली नाही. केली तर ती पुन्हा सुरू होत नसे, एवढं साधं कारण. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमच्या व्हर्नला अंगण वाकडंच लागायचं.

गाडी म्हणजे त्याच्या बापाची चौऱ्याहत्तर सालची स्टेशन वॅगन. किल्ली फिरवली की आतून खट् असा एकच आवाज यायचा आणि पुढे सगळं गार. मग हा ब्रेक सोडणार, गाडी उतारावरून घरंगळू देणार, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडणार, आणि ती खोकत खोकत सुरू होणार. यात त्याला काही लाज वाटत नसे. उलट बेटावर आपल्यासारखा ड्रायव्हर नाही असं तो सांगत फिरायचा.

बायकोचं आयुष्यही यानं उतारावर नेऊन ठेवलं. आमचं चर्च किनाऱ्यालगत, सपाटीवर आहे, म्हणून हा ड्युल्सीला टेकडीवरच्या चर्चला न्यायला लागला. देव तोच, पार्किंग बदललं. सपाटीवरच्या हॉलमधला शनिवारचा नाच तिच्या जिवाभावाचा, तो बंद झाला. दुकानात पाव आणायला गेला तरी गाडी बाहेर चालूच.

दुरुस्ती केली नाही असं नाही हं. चार बॅटऱ्या बदलल्या, दोन स्टार्टर बदलले, किल्लीचा स्विच बदलला. व्होल्ट मोजायचा एक मीटर आणला आणि तो गळ्यात अडकवून डॉक्टरासारखा बॉनेटपाशी उभा राहायला लागला.

"बारा पॉइंट सहा," तो सांगायचा. "बॅटरी ठणठणीत आहे, एल्वा."

"मग गाडी का सुरू होत नाही?"

"दमट हवा."

मी म्हणायचे, "असेल बाबा." अतिशहाण्याशी कोण डोकं लावणार.

नुसती उभी बॅटरी मोजून काय कळतं? किल्ली फिरवताना मोजायला नको? स्टार्टरला केवढा जोर लागतो, आणि तो करंट बॅटरीकडे परत यायला धड रस्ता लागतो. बॉडीपासून इंजिनापर्यंत एक तांब्याची विणलेली पट्टी असते, तोच हा रस्ता. मी तीस वर्षं कालवांच्या शेडवर आहे. भरती-ओहोटीत फिरणारा ट्रॅक्टर रोज माझ्याच हातात असतो. खाऱ्या पाण्यात आधी ही अर्थिंगची पट्टीच दगा देते, हे आमच्याकडे नव्या माणसालाही आठवड्याभरात कळतं. व्हर्नला आठ वर्षांत कळलं नाही. ॲक्सिलरेटरची केबल तीनदा जळाली तरी कळलं नाही. अरे, करंटला नीट रस्ता मिळत नाही म्हणून तो त्या बिचाऱ्या केबलमधून पळतोय! व्हर्न म्हणाला, हल्ली मालच चांगला येत नाही.

आता मूळ गोष्ट. शहाण्णव साली आमच्या बेटाच्या फुटबॉल क्लबनं कप जिंकला. त्याआधी कधी नाही, त्यानंतरही नाही. त्या आठवड्यात माणसांनी कुंपणं रंगवली, टपालपेट्या रंगवल्या, एकानं बकरी रंगवली. व्हर्ननं गाडीचं अख्खं इंजिन काढून क्लबच्या लाल-पिवळ्या रंगात रंगवलं. रंगाचे दोन जाड हात, आणि बोल्ट बसायच्या जागासुद्धा सोडल्या नाहीत. पुढे त्यावर ओरखडा म्हणून पडू देत नसे. बॉनेट उघडलं की आधी फडकं मारणार, मग मीटर लावणार.

शुक्रवारी क्लबात मी व्हर्नच्या गोष्टी सांगायचे. व्हर्न आणि पाद्रीबाबांचं पार्किंग, व्हर्न आणि दमट हवा. लोक पोट धरून हसायचे. मला नक्कलही चांगली जमते. ड्युल्सीसुद्धा हसायची, थोडी.

ड्युल्सीला काचबिंदू आहे. कितीतरी महिने वाट पाहून समुद्रापलीकडच्या होबार्ट शहरातल्या हॉस्पिटलात तिला ऑपरेशनची तारीख मिळाली, फेब्रुवारीतली. आता होबार्टला जायचं म्हणजे फेरीबोट. बोटीचा डेक तव्यासारखा सपाट, आणि तिथे इंजिन बंद करावंच लागतं.

मी म्हटलं होतं, "ड्युल्स, माझ्या गाडीतून चल."

"नको गं. त्याला वाईट वाटेल."

व्हायचं तेच झालं. पलीकडे बोट लागली, व्हर्ननं किल्ली फिरवली, खट्. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. खलाशांनी गाडी ढकलून काढली, पण त्या बाजूला रस्ता चढाचा. घरंगळणार कुठे? मागच्या गाडीतल्या एका बाईनं ड्युल्सीला हॉस्पिटलपर्यंत सोडते म्हटलं. पण व्हर्न रस्त्याच्या कडेला मीटर घेऊन तोंड पाडून उभा, आणि ही त्याला सोडून जाईना. तारीख गेली. शुक्रवारी मी क्लबात ती गोष्ट सांगितली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

दुसरी तारीख ऑगस्टमध्ये मिळाली. तोवर तिला उजव्या डोळ्यानं नुसत्या सावल्या दिसायला लागल्या होत्या. ही तारीखही चुकली तर डावाही जाणार, हे डॉक्टरनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. मी पुन्हा माझ्या गाडीचं विचारलं, तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं. मग मी न विचारता त्यांच्या गाडीत मागे जाऊन बसले.

बोट पलीकडे लागली. खट्. पुन्हा खट्. व्हर्न मीटर शोधायला लागला. मागे हॉर्न सुरू झाले, आणि शुक्रवारी क्लबात येणारा खलाशी क्रेग ओरडला, "आला रे, लाल-पिवळा आला!"

"बॉनेट उघड," मी म्हटलं.

"एल्वा, हवा दमट आहे, जरा दम धर."

"उघड म्हणते ना."

पिशवीतून मी पाना आणि कालवं फोडायची सुरी काढली. पट्टीचा बोल्ट सैल केला, खालचा करंट अडवणारा रंग खरवडून लखलखीत लोखंड काढलं, पॉलिश पेपर मारला आणि बोल्ट पुन्हा आवळला. व्हर्न माझ्या मनगटाकडे असा बघत होता, जणू मी त्याची टीमच कापतेय.

"मार आता किल्ली."

एका झटक्यात सुरू झाली. डेकवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुरी पुसत चारी बाजूंना बघून घेतलं, कोण कोण बघतंय ते. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

हॉस्पिटलात वेळेवर पोचलो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो वाचला. उजव्याचं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण आडपडदा न ठेवता म्हणाली, "फेब्रुवारीत आला असतात तर हाही राहिला असता."

दोन दिवसांनी परतलो. बोटीवर व्हर्ननं इंजिन स्वतःहून बंद केलं, लगेच सुरू केलं, पुन्हा बंद केलं. मग आमच्यासाठी चहा आणायला गेला. ड्युल्सीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि उजव्यात सावल्या. माझा हात तिनं चाचपून धरला.

"एल्वा, दवाखान्यात जाताना कालवं फोडायची सुरी कशाला आणली होतीस?"

मी पिशवी पायानं बाकाखाली सरकवली.

"आणि पॉलिश पेपर?"

मी डेकवरच्या गाड्या मोजायला लागले.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"दुसरी केबल जळाली तेव्हापासून," मी म्हटलं. "सहा वर्षं होतील." मग उगाच म्हणाले, "त्यानं कधी विचारलं नाही गं."

आदल्या संध्याकाळीही मी त्यांच्या अंगणात ते दहा मिनिटांत केलं असतं. फेब्रुवारीतही केलं असतं. पण अंगणात बघायला कोण होतं? आणि गाडी नीट झाली असती तर शुक्रवारी मी काय सांगितलं असतं? हे मी तिला बोलले नाही. तिला ते कळलं असावं, कारण तिनं पुढे काही विचारलं नाही.

व्हर्न कप सांभाळत येत होता. चहा सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून, पावलं मोजत.

"त्याला सांगू नकोस," ड्युल्सी हळूच म्हणाली. "तुझ्यामुळे माझा डोळा वाचला, असं सांगत फिरतोय तो."

व्हर्ननं पहिला कप माझ्याच हातात दिला.