दोन ठोके

बूटवाल्या काकांचं दुरुस्तीचं दुकान खाली आणि घर त्याच्याच डोक्यावर. काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून जिना उतरणं बंद झालं होतं, म्हणून त्या वरून काठीने ठोकायच्या. एक ठोका म्हणजे चहा झालाय, दोन म्हणजे आत्ताच्या आत्ता वर या. दोन पडले की काका हातातला बूट टाकून उठायचे. "वरच्या कोर्टाचा हुकूम!" गिऱ्हाइकं हसायची.

मग रस्त्यावरच्या गाड्या बंद करायचं ठरलं. फरशी, झाडं, बाकं; लोकांनी नुसतं चालायचं. बाकीचे दुकानदार कुरकुरले, पण काका सभेत सगळ्यांच्या पुढे. "अहो, लोक चालले की बुटांचे तळ झिजणार, आणि झिजले की माझ्याकडेच येणार!"

हिशेब बिनतोड होता. फक्त आलेल्या लोकांच्या पायांत झिजले की फेकून द्यायचे बूट होते. आणि रस्ता इतका देखणा झाला की घरमालकाला वरच्या खोल्यांत पैसे देणारे पाहुणे उतरवायचे डोहाळे लागले. काकांनी हातापाया पडून पाहिलं. "दुकान ठेवा की," मालक मोठ्या मनाने म्हणाला, "पाहुण्यांना जुनं काहीबाही बघायला आवडतं." जन्मभर लोकांच्या बुटांचे तळ सांधणाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

काका-काकू शहराबाहेर सातव्या मजल्यावर राहायला गेले. तिथे खाली दुकान नाही, ओळखीचं माणूस नाही, साध्या पावासाठीसुद्धा बस पकडायची. काका रोज दुकानात येत. डोक्यावर पाहुण्यांच्या बॅगांची चाकं घरघरत, आणि मेले कान तरीही ठोक्याचीच वाट बघत.

काकू नव्या घरातही ठोकत.

"अगं, खाली परकी माणसं आहेत," काका चिडायचे.

"असू देत. ठोकलं की तुम्ही खाली आहात असं वाटतं."

एका संध्याकाळी रखवालदाराने त्यांना फाटकातच गाठलं. "काका, काकूंना जरा समजवा. सहाव्या मजल्यावरचे येऊन तक्रार करून गेले. दुपारभर ठोकत होत्या म्हणे. दोन-दोन, दोन-दोन."

तक्रार करायला ती माणसं सहा मजले उतरली, बघायला एक मजला चढवला नाही त्यांना!

काकू न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. पाय भलतीकडेच वळलेला, काठी अजून मुठीत.

"किती वेळ ठोकतेय," त्या पुटपुटल्या. "दुकानात फार गर्दी होती का हो?"

दिवसभरात एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

"हो गं," काका म्हणाले.