मेघनाबाईंची तीन मिनिटं

आमच्या करी रोडच्या चाळीत गेल्या महिन्यात बातमी फिरली, की दुसऱ्या मजल्यावरच्या मेघना कोळंबकर करणी करतात. गॅलरीच्या कठड्यावर चार लिंबं, प्रत्येकात खिळा. मालनकाकूंनी दुरूनच हात जोडले. "शिकलेला बायलमाणूस, आणि ह्यां काय मांडल्यान?" बातमी तळमजल्यापर्यंत पोचवण्यात माझाही हातभार होता, नाकारत नाही.

संध्याकाळी खुलासा झाला. लिंबात एकीकडे जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, दुसरीकडे तांब्याची पट्टी, अशी चार लिंबं वायरने जोडली की बारीकसा एलईडी दिवा लागतो. बाई गृहपाठ करत होत्या. मुलांचा नव्हे, स्वतःचा.

त्याचं असं आहे, मेघनाबाई वनस्पतिशास्त्राच्या. एकवीस वर्षं हायस्कूलमध्ये पानं-मुळं शिकवण्यात सुखात होत्या. मग भौतिकशास्त्राचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली नाही, आणि दहावीची वीज बाईंच्या गळ्यात पडली. तेव्हापासून स्वयंपाक आटपला की बाई आधी स्वतः शिकतात. गौतमरावांची, म्हणजे नवऱ्याची, चांगली चालणारी इस्त्री त्यात खोलून झाली.

यंदा ऑनलाइन प्रशिक्षण आलं. 'कृतीतून शिकवा' हे एका साहेबांनी बारा दिवस पडद्यावरून वाचून दाखवलं. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, म्हणून बाई मेथी निवडत ऐकायच्या. शेवटी स्वतःच्या पाच मिनिटांच्या पाठाचा व्हिडिओ पाठवायचा. तो पास झाला तर प्रमाणपत्र, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच साहेब, तेच बारा दिवस.

बाईंनी वर्गात लिंबं जोडली. घरी लागलेला दिवा तिथे लागेना. बाई सरळ म्हणाल्या, "मलाही कळत नाहीये. तुम्ही बघा." मुलांनी खिळे हलवले, वायरी चाचपल्या. तीन मिनिटांनी श्रेया नावाची मुलगी म्हणाली, "बाई, दिव्याचे पाय उलटे लावून बघू?" लावले, आणि लागला. या दिव्यातून वीज एकाच दिशेने जाते, हे मग पोरांनीच सांगितलं. बाईंनी तो व्हिडिओ जसाच्या तसा पाठवला.

उत्तर आलं : 'प्रयोग अयशस्वी. शिक्षकाची पूर्वतयारी अपुरी. सोमवारपर्यंत सुधारित पाठ पाठवावा.'

बाईंनी फोन लावला. पलीकडचे म्हणाले, "मॅडम, दिवा पहिल्या फटक्यात लागायला हवा. तक्त्यात तसा रकाना आहे."

"आणि मुलांनी शोधून काढलं त्याचं काय?"

"त्याला रकाना नाहीये, मॅडम."

रविवारी बाई गॅलरीत मोबाईल घेऊन धुमसत बसल्या होत्या. मी स्वभावाप्रमाणे सल्ला द्यायला गेलो. "बाई, इकडे द्या तो. सुरुवातीची तीन मिनिटं उडवतो. दिवा लागतो तिथून सुरू. साहेब खूश, तुम्ही मोकळ्या."

आतून गौतमराव म्हणाले, "अगं, ऐक त्याचं. नाहीतर परत बारा दिवस घरात त्या माणसाचा आवाज."

बाईंनी तोच व्हिडिओ, एक सेकंदही न कापता, पुन्हा जोडला आणि पाठवून दिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"हितेंद्रभाऊ, शिकवलंय ते त्या तीन मिनिटांत. पुढे नुसता दिवा लागलाय."